म्हणाला की म्हणाले?

इसवी सन 375च्या सुमाराची गोष्ट आहे. कॅपाडोकिया प्रांतातील कैसरिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी. तिथला बिशप बासिल याच्यावर उपासनेला आलेल्यांपैकी काहींनी आक्षेप घेतला, की तो उपासनेतले शब्द बदलतो. बदल पाहायला गेले तर अगदी बारीक होता. देवाचे गौरवगान करताना जुनी रीत अशी होती, की गौरव पित्याला, पण पुत्राच्या 'द्वारे' आणि पवित्र आत्म्याच्या 'ठायी'. बासिल कधी ही रीत पाळी, तर कधी पुत्रा'सह' आणि आत्म्या'सह' असे म्हणे. एवढ्यावरून वाद पेटला. आक्षेप घेणाऱ्यांचे तर्कशास्त्र सरळ होते: तिघांना तीन वेगळी अव्यये लागतात, म्हणजे तिघांचे दर्जेही वेगळे. 'सह' म्हटले की दर्जा एक होतो, आणि तेच त्यांना नको होते.

बासिलने उत्तरादाखल पवित्र आत्म्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा बराचसा भाग या दोन-तीन अव्ययांच्या चर्चेला वाहिलेला आहे. देवाविषयी बोलताना एखादे अक्षरही क्षुल्लक मानू नये, ही त्याची सुरुवातीचीच भूमिका. 379मध्ये बासिल वारला. दोनच वर्षांनी, 381मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने पवित्र आत्म्याची उपासना आणि गौरव पिता-पुत्रांच्या बरोबरीने होतो, असे विश्वासांगीकारात घातले. जगभरातल्या चर्चमध्ये आजही तो म्हटला जातो. म्हणजे ज्या 'सह'साठी बासिल भांडला, तो 'सह' सोळाशे वर्षे कोट्यवधी माणसांच्या तोंडी आहे.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे, की देवाविषयी माणसाला खरोखर काय वाटते ते मोठ्या सिद्धांतांपेक्षा त्याच्या लहान शब्दांत अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे. सर्वनाम, विभक्तीचा प्रत्यय, क्रियापदाच्या शेवटची मात्रा, 'च'सारखे एकाक्षरी अव्यय: विश्वास इथे राहतो. आणि आम्ही मराठी ख्रिस्ती या लहान शब्दांकडे पुरेसे लक्ष देत नाही.

मोठ्या शब्दांकडे लक्ष दिले गेले, यात शंका नाही. चार शतके दिले गेले आहे. 1579मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट फादरने मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते 1616मध्ये राशोल येथे छापले गेले. स्वर्गासाठी त्याने बेधडक 'वैकुंठ' हा शब्द घेतला, पण चर्चच्या खास संज्ञांसाठी पोर्तुगीज शब्द तसेच ठेवले. कोणता शब्द इथल्या मातीतला घ्यायचा आणि कोणता नाही, याचा विचार त्या निवडीत दिसतो. पुढे पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी सबंध बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणले. 1922मध्ये त्या गेल्या, त्याआधी हे काम त्यांनी तडीस नेले होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि भजनात आणले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला 2013मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देव म्हणावे की ईश्वर, तारण की मुक्ती, मंडळी की चर्च, शुभवर्तमान की सुवार्ता, या प्रश्नांवर भाषांतर समित्यांनी वर्षानुवर्षे खल केला आहे.

मोठ्या शब्दांना असे राखणदार असतात. ते बदलले तर कोणीतरी विचारतो, का बदलले? लहान शब्दांचे तसे नाही. ते तोंडातून आपोआप निघतात, कोणी ठरवत नाही, कोणी तपासत नाही. म्हणूनच ते जास्त खरे बोलतात आणि म्हणूनच ते जास्त नुकसानही करू शकतात.

पहिले उदाहरण एका मात्रेचे. येशू 'म्हणाला' की येशू 'म्हणाले'? मराठी बायबलच्या प्रचलित आवृत्तीत निवेदन करताना 'येशू म्हणाला' असे येते. वर्तमानपत्रात नाताळच्या लेखात बहुधा 'येशू ख्रिस्त म्हणाले' असते. आता ख्रिस्ती लेखक आणि वक्तेही मोठ्या प्रमाणावर 'म्हणाले'कडे वळलेले दिसतात. कारण चांगलेच आहे. चारचौघांत आपल्या प्रभूला एकेरीत कसे बोलायचे, ऐकणाऱ्याला तो अनादर वाटेल, ही त्यामागची भावना.

पण मराठीचा स्वभाव जरा नीट पाहा. मराठीत आदरार्थी बहुवचन माणसांसाठी आहे: वडील आले, गुरुजी म्हणाले, महाराजांनी आज्ञा केली. देवाची गोष्ट निराळी. विठोबा विटेवर 'उभा' आहे, खंडोबा नवसाला 'पावतो', गणपती घरी 'येतो'. ज्या संतांनी त्याला एकेरी हाक मारली, त्या संतांना मात्र आपण 'तुकाराम महाराज म्हणाले' असे बहुवचन लावतो. हा नियम लोखंडी नाही. कीर्तनकार 'भगवान श्रीकृष्ण म्हणाले' असेही म्हणतात. तरी मराठीची मूळ ओढ कळते. थोर माणसाला अंतर देऊन मान द्यायचा आणि देवाला जवळ घेऊन. मराठीत देवाला एकेरी बोलावणे हा त्याचा अनादर तर नाहीच, उलट तो त्याला जवळ घेऊन दिलेला मान आहे.

म्हणजे 'म्हणाला' आणि 'म्हणाले' यांच्यात केवळ शिष्टाचाराचा फरक राहत नाही. 'म्हणाले' म्हटले की येशू थोर शिक्षकांच्या रांगेत बसतो. 'म्हणाला' म्हटले की तो त्या रांगेतून उठून देवाच्या जागी येतो. 451च्या कॅल्सिडॉनच्या परिषदेने येशू पूर्णपणे देव आणि पूर्णपणे मनुष्य आहे असे ठरवले. ग्रीक किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला हे दोन्ही एका क्रियापदात सांभाळता येते. मराठी माणसाला दर वाक्याला एक बाजू निवडावी लागते.

मराठी बायबलने ही अडचण फार सुंदर रीतीने हाताळली आहे, आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. शुभवर्तमानात निवेदक येशूविषयी एकेरीत बोलतो, पण शिष्य त्याच्याशी बोलताना बहुधा 'आपण' म्हणतात. त्यांच्यासमोर एक गुरू बसला आहे, आणि शिष्याने गुरूला 'आपण'च म्हणावे. पण आज प्रार्थनेला बसलेली बाई त्याच येशूला 'तू' म्हणते. पेत्र आणि योहान यांनी जे धाडस केले नाही, ते ती कसे करते? कारण मधल्या काळात पुनरुत्थान झाले आहे. शिष्यांच्या 'आपण'पासून उपासकाच्या 'तू'पर्यंतचे अंतर म्हणजेच ख्रिस्ती विश्वासाचा सारा प्रवास. तो दोन सर्वनामांत मावला आहे. फ्रान्समधील कॅथलिक प्रभूच्या प्रार्थनेत देवाला 'आपण' म्हणत, ते 1966मध्ये बदलून 'तू' करावे लागले. इंग्रजीत मुळात जवळिकीचे असलेले सर्वनाम जुने झाले आणि ऐकणाऱ्याला ते उलट भारदस्त वाटू लागले. मराठीने आपला 'तू' कधी गमावला नाही. ही आमची श्रीमंती आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान मित्राने 'येशू ख्रिस्त म्हणाले' असे म्हटले तर ते कृतज्ञतेने ऐकावे, तो मान आहे. पण उपासनेत, वचनाच्या निवेदनात आणि मुलांना गोष्ट सांगताना ख्रिस्ती माणसाने 'म्हणाला' सोडू नये. तिथे 'म्हणाले' रुळले, तर आमच्याच घरात येशू एक पूज्य महापुरुष होऊन बसेल आणि ते कधी झाले हे कोणाला कळणारही नाही.

याच जवळिकीचा दुसरा धागा टिळकांनी पकडला होता. त्यांनी ख्रिस्ताला 'माउली' म्हटले. इंग्रजी बोलणाऱ्या चर्चमध्ये देवासाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरावे की नाही यावर गेली काही दशके कडाक्याचा वाद चालू आहे. प्राचीन सिरियाक ख्रिस्ती लेखनात पवित्र आत्म्याला स्त्रीलिंगी क्रियापद लागत असे, कारण त्या भाषेत 'आत्मा' हा शब्दच स्त्रीलिंगी होता. पुढे तो प्रघात मोडला. मराठीत हा वाद तितका तीव्र होण्याचे कारण नाही. वारकऱ्यांनी विठोबाला विठाई केले, ज्ञानेश्वरांना माउली केले, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. आई एक वेळ आपल्या लेकराला विसरेल, पण देव विसरणार नाही, असा आशय यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आहेच. तरी आज किती उपदेशांत 'माउली' ऐकू येते? टिळकांनी उघडलेले दार आम्ही जवळजवळ लोटून घेतले आहे.

दुसरे उदाहरण 'आम्ही' आणि 'आपण' यांचे. मराठीत ही सोय आहे आणि तिची किंमत मराठी माणसालाच कळते. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझे, तुम्ही सोडून. 'आपण' म्हणजे मी आणि तुम्हीही. ग्रीकमध्ये हा भेद नाही, हिब्रूत नाही. त्यामुळे बायबल मराठीत आणताना भाषांतरकाराला जागोजागी निर्णय घ्यावा लागतो, आणि मूळ भाषा त्याला काहीच मदत करत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग घ्या. संध्याकाळ झाली आहे, मचव्यात पाणी भरते आहे, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात आणि तक्रार करतात की बुडायची वेळ आली तरी तुम्हाला पर्वा नाही. ग्रीकमध्ये क्रियापद प्रथमपुरुषी बहुवचनी आहे, एवढेच. मराठीत काय म्हणायचे? 'आम्ही बुडतोय' म्हटले तर शिष्यांनी येशूला आपल्यातून वगळले: तुम्ही बुडणार नाही, तुम्ही वेगळे आहात, बुडणार आम्ही. 'आपण बुडतोय' म्हटले तर येशूही त्याच मचव्यात आहे, पाणी त्याच्याही अंगावर येते आहे, मरण आले तर त्यालाही येणार. पहिल्या वाक्यात दूरच्या देवाकडे केलेली फिर्याद आहे. दुसऱ्या वाक्यात एका प्रवाशाने सहप्रवाशाला मारलेली हाक आहे. माझ्या मते शुभवर्तमानाचा गाभा दुसऱ्या वाक्यात आहे. देव माणूस झाला याचा अर्थच असा, की यापुढे माणसाने देवासमोर 'आपण बुडतोय' असे म्हणावे.

सर्वनामाचे महत्त्व चर्चला ठाऊक नाही असे नाही. ऑगस्ट 2020मध्ये व्हॅटिकनने जाहीर केले, की बाप्तिस्मा देताना धर्मगुरूने 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हटले असेल तर तो बाप्तिस्मा ग्राह्य नाही, पुन्हा द्यावा लागेल. 2022च्या सुरुवातीला अमेरिकेतील फिनिक्स धर्मप्रांतात याच कारणाने हजारो लोकांना आपला बाप्तिस्मा झालाच नव्हता असे कळले. हा निर्णय कोणाला कठोर वाटेल. पण संस्थेने एका सर्वनामाला एवढे वजन दिले असेल, तर व्यासपीठावरून आम्ही रोज वापरतो त्या सर्वनामांचाही विचार व्हायला हवा.

तिथे परिस्थिती चिंतेची आहे. 'आमचा देव प्रार्थना ऐकतो.' 'आमच्या देवाने हे जग निर्माण केले.' ही वाक्ये सभांमधून, घरगुती प्रार्थनांमधून, सोसायटीतल्या गप्पांमधून सहज ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ऐकणाऱ्या शेजाऱ्याला मराठी येते. 'आमचा' ऐकताच त्याला नेमके कळते, की हा देव माझा नाही, तो यांचा आहे, यांच्या आडनावासारखा, यांच्या रेशनकार्डावरचा. साऱ्या जगाचा निर्माता एका सर्वनामामुळे एका जमातीचा कुलदेव होतो. ज्या विश्वासाचा पहिला दावाच असा आहे की देव एक आहे आणि तो सर्वांचा आहे, त्या विश्वासाला याहून मोठा अपाय कोणता? अथेन्समध्ये अरियपगावर पौल उभा राहिला, तेव्हा समोर मूर्तिपूजक ग्रीक होते. देव कोणापासूनही दूर नाही असे सांगताना त्याने ऐकणाऱ्यांनाही आपल्यात धरले. त्यांच्याच कवींचा आधार त्याने घेतला. ते भाषण मराठीत 'आम्ही' वापरून सांगून पाहा. ते कोसळते.

प्रभूच्या प्रार्थनेत 'आमच्या' हाच शब्द योग्य आहे, कारण ती देवाला उद्देशून आहे आणि तिथे 'आपल्या' म्हणता येत नाही. देवाशी बोलताना 'आमचा' आणि माणसाशी बोलताना 'आपला', हा भेद मराठीने आमच्या हातात आयता दिला आहे. तो पाळणे एवढेच करायचे आहे.

तिसरे उदाहरण 'ने' या प्रत्ययाचे. घरात मरण आले की लोक भेटायला येतात. ओट्यावर चपला, आत सतरंजी, कोपऱ्यात बसलेली आई. तरुण मुलगा गेला आहे. येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलतो, कारण गप्प राहणे अवघड असते. 'देवाने नेले.' 'देवाने आपल्या बागेसाठी चांगले फूल खुडले.' 'देव तुमची परीक्षा बघतोय.' ख्रिस्ती घरांत हे फार ऐकू येते, इतर घरांतही येते. बोलणारा धीर द्यायला आलेला असतो. पण व्याकरण काय करते ते पाहा. 'ने' लागला की देव कर्ता झाला. ज्याने मारले त्याचे नाव त्या आईला सांगितले गेले, आणि आता रात्री तिने प्रार्थना करायची आहे ती त्याच्याकडेच.

हेच 'देवाकडे गेला' किंवा 'देवापाशी आहे' असे म्हटले तर काय होते? मरणाचे कारण कोणी सांगत नाही, कारण ते कोणाला ठाऊक नसते. सांगितले जाते ते फक्त एवढेच, की गेलेला आता कोणाजवळ आहे. 'ने'च्या जागी 'कडे' किंवा 'पाशी' आला, आणि ज्याच्यावर खुनाचा आळ येत होता तोच आसरा झाला. ख्रिस्ती निधनवार्तेत 'प्रभूमध्ये झोपी गेले' असे लिहिण्याची जुनी पद्धत आहे. तिच्यात सप्तमीचा हाच शहाणपणा आहे.

यावर कोणी ईयोबाचे नाव घेईल. सर्व गमावल्यावर ईयोब म्हणालाच होता, की देणाराही परमेश्वर आणि नेणाराही परमेश्वर. खरे आहे. पण ते वाक्य ईयोब स्वतःच्या दुःखाविषयी बोलला. त्याचे मित्र तेच शास्त्र घेऊन त्याला समजवायला आले, पानेच्या पाने बोलले, आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाने ठपका ठेवला तो त्या मित्रांवर. याचा अर्थ मला असा दिसतो, की 'देवाने नेले' म्हणण्याचा अधिकार ज्याचे गेले त्याला आहे. भेटायला आलेल्याला नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेली, तेव्हा ती जास्त पापी होती का, हा तर्क येशूने साफ नाकारला. कारण शोधणाऱ्यांना त्याने कारण दिले नाही.

प्रभूच्या प्रार्थनेतील परीक्षेविषयीची विनंतीही याच प्रश्नाशी येऊन भिडते. मराठी बायबलमध्ये तिथे 'परीक्षा' हा शब्द आणि 'आणणे' हे क्रियापद आहे. परीक्षेत आणणारा देवच, असा अर्थ त्यातून निघू शकतो. फ्रेंच कॅथलिक चर्चने डिसेंबर 2017पासून हे वाक्य बदलले आणि देवाला मोहात ढकलणारा न ठरवता मोहात शिरण्यापासून वाचवणारा केले. इटलीनेही 2020मध्ये तसाच बदल स्वीकारला. पोप फ्रान्सिस यांनी या बदलाची बाजू घेतली. माझे मत थोडे वेगळे आहे. ग्रीक मूळ 'आणणे' असेच सांगते, आणि येशूच्या प्रार्थनेतले अवघड शब्द आपल्या सोयीने मऊ करू नयेत. मात्र ज्या पाळकाने ते शब्द जसेच्या तसे ठेवले, त्याने याकोबाचे पत्रही शिकवले पाहिजे. देव कोणालाही मोहात पाडत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. ते शिकवले नाही, की 'परीक्षा' हा शब्द शाळेच्या परीक्षेतून आपला अर्थ उचलतो. मग देव एक पर्यवेक्षक होतो, आणि कर्करोगाच्या वॉर्डात पडलेल्या माणसाला तो आपल्याला नापास करतोय की काय असे वाटू लागते.

चौथे उदाहरण सर्वांत लहान: 'च'. चौथ्या शतकात चर्च एका ग्रीक अक्षरावरून दुभंगले होते. पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' की 'सदृशतत्त्व', या दोन ग्रीक शब्दांत फरक होता फक्त एका आयोटाचा. मराठीत तेवढेच वजन 'च'मध्ये आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला मार्ग म्हणतो, तिथे मराठी बायबलमध्ये 'मीच' आहे. तो 'च' भाषांतरकाराने हौसेने घातलेला नाही. ग्रीकमध्ये 'मी' हे सर्वनाम मुद्दाम उच्चारलेले आहे आणि त्या जोराला मराठीत 'च' हेच उत्तर आहे. त्या 'च'ला माझा आक्षेप नाही. ख्रिस्ती विश्वास तो 'च' सोडून उरत नाही.

आक्षेप आहे तो 'च'च्या प्रवासाला. येशूच्या तोंडचा 'मीच' आमच्या तोंडी येता येता 'आम्हीच' होतो. आम्हीच खरे, आमचेच चर्च, आमच्याच पद्धतीचा बाप्तिस्मा. येशूने तो 'च' स्वतःकडे घेतला होता, आणि त्यानंतर तो क्रुसावर गेला. आम्ही तो आमच्या संस्थेला लावतो आणि स्वस्थ बसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964मध्ये चर्चविषयीच्या दस्तऐवजात हाच 'च' सैल केला. ख्रिस्ताचे चर्च म्हणजे कॅथलिक चर्च 'आहे', असे आधीच्या मसुद्यात होते. त्या 'आहे'च्या जागी, ते कॅथलिक चर्चमध्ये 'वसते', अशा अर्थाचे लॅटिन क्रियापद आले. त्या एका क्रियापदावर धर्मशास्त्रज्ञ आजही लिहीत आहेत, कारण त्यामुळे भिंतीपलीकडच्या ख्रिस्ती बांधवांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. वसईपासून अहिल्यानगरपर्यंत आणि मुंबईपासून मराठवाड्यापर्यंत कॅथलिक, मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि पेंटेकोस्टल मंडळ्या शेजारीशेजारी नांदतात. त्यांच्यातला अबोला पुष्कळदा सिद्धांतापेक्षा या 'च'वर उभा असतो.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गांभीर्याने घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की हा शब्दांचा कीस आहे. विश्वास आचरणात दिसतो, प्रत्ययात नाही. भुकेल्याला जेवू घालणाऱ्याने 'ने' म्हटले काय आणि 'कडे' म्हटले काय? आचरण श्रेष्ठ, हे मान्य. पण आचरणाला दिशा कोण देतो? लहान मूल 'आमचा देव' ऐकत मोठे होते, तेव्हा शेजारच्या मुलाचा देव वेगळा आहे हे ते कोणी न शिकवताच शिकते. 'देव शिक्षा करील' हे रोज ऐकणाऱ्या मुलाला देवाच्या प्रेमावरचा रविवारचा धडा पुसट वाटतो. रविवारचा धडा आठवड्यातून एकदा असतो, आणि सर्वनामे दिवसभर चालू असतात.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. अशी तपासणी सुरू झाली तर साध्या माणसाची प्रार्थना आटेल. अडाणी आजी तिच्या शब्दांत देवाशी बोलते, तिला व्याकरण शिकवायचे का? मुळीच नाही. प्रार्थनेत कोणी कोणाचे शब्द सुधारू नयेत. ज्याला दुःख झाले आहे त्याने देवावर ओरडावे, 'तूच नेलेस' असे म्हणावे. स्तोत्रसंहिता अशा आक्रोशांनी भरलेली आहे. माझे म्हणणे देवाशी बोलण्याविषयी नाहीच, देवाविषयी बोलण्याविषयी आहे. आणि ते बोलणाऱ्या सर्वांनाही लागू नाही. ज्यांच्या हाती व्यासपीठ, वर्ग किंवा लेखणी आहे त्यांना ते लागू आहे. बासिलनेही झगडा केला तो स्वतःच्या शब्दांसाठी, समोर बसलेल्या शेतकऱ्याच्या शब्दांसाठी नाही.

म्हणून मराठी पाळकांना, धर्मगुरूंना, रविवारच्या शाळेतील शिक्षकांना आणि ख्रिस्ती नियतकालिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. पुढचा उपदेश, धडा किंवा लेख तयार झाला की तो एकदा केवळ या चार गोष्टींसाठी वाचा. येशूचे क्रियापद एकेरी आहे का, आणि नसेल तर का नाही? 'आमचा' कुठे आला आहे, आणि तिथे 'आपला' चालेल का? देवाला 'ने' कुठे लागला आहे, आणि तो लावण्याइतके आपल्याला खरोखर ठाऊक आहे का? 'च' ख्रिस्ताला लागला आहे की आपल्याला? याला धर्मपरिषद लागत नाही, नवे भाषांतर लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. मराठी भाषेने देवाला जवळ घेण्याची आणि शेजाऱ्याला आत घेण्याची साधने आम्हाला दिली आहेत. ती न वापरणे हा भाषेचा दोष नाही, आमचा आहे.